पडदा मी बघतो

"पडद्याकडे बघायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "आणि केबिनमधल्याशी कामापुरतंच बोलायचं. एवढ्या दोन गोष्टी पाळ, म्हणजे आठ दिवस सुरळीत जातील."

मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि दोन्ही गोष्टी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिल्या. चित्रपट महोत्सवात यायचं आणि पडद्याकडे बघायचं नाही? म्हणजे लग्नाला जाऊन नवरानवरीकडे पाठ करून बसण्यातलाच प्रकार!

आज दुपारी हे लिहायला बसले आहे तेव्हा मुलगी शेजारी झोपली आहे. नऊ महिन्यांची. तिच्या पोटावरचं दुपटं वरखाली होतंय ना, हे मी दर चार वाक्यांनी बघते, त्यामुळे मध्येच कुठे धागा सुटला तर सांभाळून घ्या. तिची आजी म्हणते, "अगं, पोरगी श्वास घ्यायला विसरणार आहे का?" नाही विसरणार, माहीत आहे मला. पण श्वासावर नजर ठेवायची ही खोड मला हिच्यामुळे लागलेली नाही. ती हिच्या आधीची आहे... त्या आठ दिवसांतली.

कॉलेजात मी एक परकी भाषा शिकले होते. पदवी हातात आल्यावर त्या भाषेचं काय करायचं, हे घरात कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही. तेवढ्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उपशीर्षक विभागातून बोलावणं आलं. बाई त्या विभागाच्या प्रमुख. तीस वर्षं हेच काम. परीक्षक मंडळीसुद्धा त्यांना 'बाई'च म्हणायची.

काम ऐकायला अगदी सोपं. स्पर्धेतले चौदा चित्रपट वेगवेगळ्या देशांतून आलेले, बरेचसे आपल्या भाषेतल्या ओळींशिवाय. त्यांचे सगळे संवाद भाषांतर करून कॉम्प्युटरवर भरलेले असतात, ओळीला एक क्रमांक. पडद्याखाली एक अरुंद काळी पट्टी. शेवटच्या रांगेत उजव्या कोपऱ्यात बसायचं, पात्र बोललं की बटण दाबायचं, की ओळ पट्टीवर उमटते. आपोआप होत नाही, कारण चित्रपट आयत्या वेळी येतात, कधी चार प्रसंग कापून, कधी दोन जोडून. तिथे माणूसच लागतो. टेबलावरच्या दिव्याला काळा कागद लावलेला, उजेड फक्त बोटांपुरता.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला, रिकाम्या थिएटरात, मी त्या टेबलाखाली डोकं घालून वायर शोधत होते. जमिनीवर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला —

"डावीकडची."

मी डावीकडची ओढली.

"नाही, तुमची डावी नव्हे... माझी डावी."

"तुमची डावी मला कशी कळणार? आहात कुठे तुम्ही?"

"वर, प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये. तुमच्या मागे काच आहे ना, तिच्या पलीकडे."

मी वळून वर पाहिलं. काचेत दिव्याचा एक ठिपका, आणि खाली मान वर करून बघणारी मीच.

"मला तर कुणीच दिसत नाही."

"मला दिसतंय. तुमचा भांग दिसतो. जरासा वाकडा आहे..."

माझा हात आपोआप केसांकडे गेला. तो हसला, आणि कानात कुणी हसलं की कुठे बघावं हे माणसाला कळत नाही!

"भांगाचं राहू द्या," मी म्हणाले. "तुम्ही चित्रपट सरळ लावा म्हणजे झालं."

हेडफोनच्या त्या तारेवर कुणी नाव घ्यायचं नाही, असा बाईंचा नियम होता. तिन्ही थिएटरांची माणसं एकाच तारेवर, नावांनी गोंधळ होतो. म्हणून तो 'केबिन'. आणि मी 'पट्टी'.

पुढचे पाच दिवस आम्ही एकमेकांना पाहिलं नाही. तो फक्त माझा भांग बघत होता, मी फक्त त्याचा आवाज. चित्रपट संपला की त्याला लगेच पुढचा चढवायचा असे, आणि मला पुढची यादी. भेटायचं ठरवलं असतं तर भेटलोही असतो... पण का कोण जाणे, दोघांनीही ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती. तिच्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनने लिहिलेलं — पट्टी.

संध्याकाळी कानात आवाज, "केबिन बोलतोय. बाटली भरलेलीच दिसतेय."

"हो."

"दिवसभरात एक घोटसुद्धा नाही?"

"नाही."

"पाण्याशी भांडण आहे का?"

आता हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं! शेवटी सांगितलंच. "पाणी प्यायलं आणि मध्येच उठावं लागलं तर? मग ओळी कोण दाबणार, तुम्ही?"

तो अगदी कामाच्या सुरात म्हणाला, "दोन चित्रपटांमध्ये अठरा मिनिटं असतात. मागच्या दाराने बाहेर, उजवीकडे. चौतीस पावलं."

"मोजलीत?"

"मोजली. माझी चौतीस. तुमची चाळीस होतील... पण प्या."

त्या दिवसापासून मी पाणी प्यायला लागले. बाईंनी एकदा जाता जाता बाटलीवरची चिकटपट्टी वाचली, चष्मा खाली केला, मला पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. बाईंचं न बोलणं फार लांबपर्यंत ऐकू येत असे.

सहाव्या दिवशी दुपारी स्पर्धेतला तो चित्रपट होता. मी शिकलेल्या भाषेतला, एका म्हाताऱ्या दिग्दर्शिकेचा. नदीवर तराफा चालवणारा एक माणूस, आणि रोज त्या तराफ्यावरून पलीकडे जाणारी एक बाई. दोन तासांत मोजून दोनशे बारा ओळी. लोकांना वाटतं, कमी ओळी म्हणजे सोपं. उलट! सतत बोलणाऱ्या चित्रपटात बोटांना लय सापडते. गप्प चित्रपटात माणूस कधी तोंड उघडेल याचा भरवसा नाही.

त्यात सराव अर्धवटच झालेला. हल्ली चित्रपट डिजिटल कुलपात येतो. ठरावीक तासांपुरतीच त्याची किल्ली चालते. सकाळी दीड तास चालली आणि शेवटच्या पंचवीस मिनिटांआधी पडदा काळा झाला. शेवट मी फक्त कागदावर वाचला होता. ओळ १८७, तराफेवाला: उद्या येशील? ओळ १८८, ती: येईन. पण परत जाण्यासाठी नाही. ओळ १८९, काठावरचा म्हातारा: अरे, माझी शेळी कुठंय?

"पट्टी, तयार?" त्याने विचारलं. "तिसऱ्या रांगेत पाचही परीक्षक आहेत. दिग्दर्शिका त्यांच्या मागे, करड्या शालीत."

"तयार."

"आवाज घाबरलेला वाटतोय."

"तुमचा कान खराब आहे."

पहिला दीड तास मी शहाण्यासारखी वागले. नजर ओळींवर, बोट बटणावर. मग नदीवर पाऊस सुरू झाला. नुसता आवाज... थेंब लाकडावर वेगळे वाजतात आणि पाण्यावर वेगळे. तो नीट ऐकू यावा म्हणून मी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. आणि मान वर केली.

तो तराफेवाला भिजत उभा होता. हातातला ओला दोर गुंडाळत होता, पुन्हा सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. ती समोर बसली होती, त्याच्याकडे न बघता. एवढंच. पण तो दोर बघता बघता माझे डोळे कधी भरून आले, कळलंच नाही. त्याने श्वास घेतला, ओठ उघडले — मी बटण दाबलं. १८७.

तो बोललाच नाही. ओठ मिटले. पाऊस पडत राहिला.

चाळीस सेकंदांनी त्याने खरंच विचारलं, आणि त्याचा आवाज ऐकताच माझ्या बोटाने सवयीने पुन्हा दाबलं. त्याच्या प्रश्नाखाली तिचं उत्तर उमटलं. मला दिसलं नाही. मी पट्टीकडे बघतच नव्हते ना! मग ती वळली. चित्रपटभर न रडलेली ती बाई रडत रडत बोलली, मी दाबलं, आणि तिच्या ओल्या चेहऱ्याखाली ठळक अक्षरांत आलं —

अरे, माझी शेळी कुठंय?

सगळं थिएटर हसलं.

गळ्यातल्या हेडफोनमधून डास गुणगुणावा तसा आवाज येत होता. "पट्टी! एक मागे! एक मागे घ्या, पट्टी!" मी हेडफोन कानाला लावेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिसऱ्या रांगेमागची करडी शाल उठली, खुर्च्यांना धरत धरत बाहेर गेली. दोन तासांचा चित्रपट, कुणास ठाऊक किती वर्षांची मेहनत, आणि परीक्षकांच्या लक्षात काय राहणार? शेळी.

दिवे लागले तेव्हा बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. मी तोंड उघडलं... आणि त्यांच्या हातातल्या वॉकीटॉकीतून त्याचा आवाज आला.

"केबिन बोलतोय. चूक माझी आहे, बाई. शेवटच्या भागात आवाज चित्राच्या मागे पडला होता. पट्टी काय करणार!"

हे धादांत खोटं होतं. पण महोत्सवाचा नियम असा, की प्रक्षेपणात दोष असेल तर परीक्षकांना चित्रपट पुन्हा दाखवावा लागतो. म्हणजे त्याच्या एका खोट्याने त्या म्हातारीला दुसरी संधी मिळाली. आणि त्याच खोट्याने, तासाभरात, त्याची मोठ्या थिएटरातून उचलबांगडी झाली. वरच्या मजल्यावर, साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये. आता पुन्हा तो मोठा पडदा मिळणं अवघड, असं सगळे म्हणत होते.

आणि मी? मी गप्प बसले. खरं लिहितेय, मी गप्प बसले आणि घरी गेले. आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" म्हटलं, पोट बिघडलंय. आई म्हणाली, "पोट बिघडलं की तू कुरकुरतेस. गप्प बसतेस ती काहीतरी करून आल्यावर."

आयांना कसं कळतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

(एक मिनिट, बघून आले. घेतेय श्वास. मूठ मिटून झोपलीय.)

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मी बाईंच्या टेबलासमोर उभी होते. "बाई, काल आवाज मागे पडला नव्हता. मी पडद्याकडे बघत होते. हेडफोनही काढला होता."

बाई यादीवर खुणा करत राहिल्या. "माहीत आहे. ओठ आणि आवाज जुळतायत की नाही, एवढं मला कळतं गं."

"मग त्यांना का हलवलंत?"

"खोटं बोलला म्हणून. मशीनबद्दल खोटं बोललेलं मला चालत नाही. माणसांबद्दल एक वेळ चालेल."

"मग मला काढा!"

बाईंनी चष्मा काढला. "काढून काय करू? शेळी नेमकी कुठे येते, हे आता तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? नऊला पुन्हा दाखवायचाय, तूच बसणार. आणि त्याआधी... त्या दिग्दर्शिका बाहेर बाकावर बसल्यात. खरं काय झालं ते त्यांना तू सांगायचं. त्यांच्या भाषेत."

चार वर्षं मी ती भाषा शिकले, पण तिच्यात माफी मागायची वेळ कधी आली नव्हती. शब्द जुळवत जुळवत सगळं सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं. हातातला कागदी कप फिरवत राहिली.

"कशासाठी बघितलंस वर?"

"राहवलं नाही."

"कुठे?"

"तो दोर गुंडाळतो... आणि पुन्हा सोडतो. तिथे."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तो दोर मी एकवीस वेळा करून घेतला त्याच्याकडून," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, कापून टाक, कुणाला दिसणार आहे?" मग माझ्या मनगटावर दोन बोटं टेकवून म्हणाली, "आज मात्र बघू नकोस हं."

नऊला थिएटरात आठच माणसं. पाच परीक्षक, ती, बाई, आणि कोपऱ्यात मी. वर केबिनमध्ये कुणी नवखा. मी हेडफोन कानाला लावला... तारेवर नुसती खरखर. इतकी रिकामी खरखर मी कधी ऐकली नव्हती. पट्टीकडे बघायचं तर तो श्वास कसा दिसणार? कुठला श्वास फसवा, कुठला खरा, ते कसं कळणार?

दिवे मावळता मावळता शेजारची खुर्ची कुरकुरली. टेबलावर पाण्याची बाटली टेकली.

"तुमची डावी," तो आवाज म्हणाला. कानात नव्हे, अगदी शेजारी.

मी वळले. दिव्याचा उजेड बोटांपुरताच, त्यामुळे आधी दिसले ते हात. मग शर्टाची बाही, एक बटण तुटलेली. मग हळूहळू चेहरा... मला वाटला होता त्याहून साधा आणि त्याहून घाबरलेला.

"तुम्ही इथे कसे? तुमचा हॉल?"

"बाराला उघडतो. तोवर मी प्रेक्षक." त्याने मान माझ्या बाजूला झुकवली. "ऐका. तुम्ही पट्टी बघा. पडदा मी बघतो."

आणि दोन तास तसंच. मी खाली बघत होते, तो वर. पाऊस सुरू झाला. दोराचा ओला आवाज. मी एकदाही मान उचलली नाही, पण त्याच्याकडून मला सगळं दिसत होतं. तो श्वास रोखायचा तेव्हा कळायचं, की तराफेवाला आता तिच्याकडे बघतोय.

"श्वास घेतोय," तो पुटपुटला. "थांबा... नाही. नाही बोलणार. थांबा..."

माझं बोट बटणावर टेकलेलं होतं. त्याने आपला हात माझ्या मनगटाजवळ टेबलावर ठेवला. जवळ. लागला नाही.

"थांब..." केव्हा 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही. "आता."

१८७. उद्या येशील?

पाऊस. एक, दोन, तीन... किती वेळ!

"आता."

१८८. येईन. पण परत जाण्यासाठी नाही.

कुणी हसलं नाही. पुढे तिसऱ्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. मग काठावरचा म्हातारा ओरडला, शेळी आली आणि सगळे हसले. डोळे पुसत, जिथे हसायचं होतं तिथे.

चित्रपट संपला. आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. त्याच लांब, रिकाम्या बोळात, जिथली चौतीस पावलं त्याने मोजली होती. उजेडात दोघांनाही एकदम लाजल्यासारखं झालं. तो भिंतीवरचं पोस्टर वाचत होता. पोस्टर उलटं लावलेलं होतं.

"मला... एक विचारायचं होतं," तो म्हणाला.

"हो."

"अगं, प्रश्न तर येऊ दे!"

"माझ्याकडे उत्तर आधी येतं. काल सगळ्या थिएटरने बघितलंय."

तो इतका हसला की बाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं, आम्हाला पाहिलं आणि सावकाश आत घेतलं.

"मी विचारणार होतो, चहा घेणार का?"

"मग चहाला हो."

"आणि... त्यानंतरचं जे विचारणार होतो?"

"त्यालाही."

मोठं पारितोषिक दुसऱ्याच चित्रपटाला गेलं. पण तराफेवाल्याला अभिनयाचं मिळालं. जाहीर करताना परीक्षक म्हणाले, त्याच्या न बोलण्यासाठी. करड्या शालीतली म्हातारी व्यासपीठावर गेली, आणि उतरताना शेवटच्या रांगेकडे बघून तिने हवेतच दोर गुंडाळल्यासारखा हात फिरवला. वर्षभराने बाईंनी त्याला मोठ्या थिएटरात परत बोलावलं. "मशीन आता खोटं बोलत नाही ना?" एवढंच विचारलं.

घरी अजून तो मला 'पट्टी'च म्हणतो. सासूबाईंना सुरुवातीला वाटलं, माझं काहीतरी दुखतंय! मुलीला पहिला दात येताना ताप आला, मी सबंध दिवस तिच्या उशाशी बसून श्वास मोजत होते, तेव्हा हा कामावरून आला, माझ्या हातातली घडी केलेली ओली पट्टी काढून घेतली आणि म्हणाला, "तू जरा पड. पडदा मी बघतो." आणि मी खरंच झोपले. इतर कुणी सांगितलं असतं तर झोप आली नसती.

परवापासून यंदाचा महोत्सव सुरू झालाय. तो वर काचेमागे आहे. माझ्या खुर्चीवर या वर्षी नवीन मुलगी आहे. आज सकाळी निघताना म्हणाला, "नवी पट्टी हुशार आहे. पण बाटली ठेवली तशीच असते. एक घोट घेत नाही."

"तू चौतीस पावलं सांगितलीस का तिला?"

बुटाची नाडी बांधता बांधता तो थांबला. "बाटली ठेवतो मी. पावलं मात्र एकदाच सांगितली, एकीलाच."

त्यामुळे ते आता मलाच करायला हवं. पण मी जाऊ शकत नाही. ही रांगायला लागलीय, डोळ्याआड केली की काहीतरी तोंडात घालते. म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्यापैकी कुणी जाणार असाल, तर दोन चित्रपटांच्या मध्ये दिवे लागले की एकदा मागे वळून बघा. शेवटची रांग, उजवा कोपरा, काळा कागद लावलेला दिवा. ती वर काचेकडे बघून हसतेय का, ते नाही पाहिलंत तरी चालेल. धास्तावलेली बाई आहे मी, पण तेवढी नाही. फक्त तिच्या बाटलीत पाणी किती उरलंय ते बघा. भरलेली असेल तर तिच्याजवळ जा, हळूच सांगा — अठरा मिनिटं आहेत गं, मागच्या दाराने बाहेर, उजवीकडे, आपली चाळीस पावलं होतात.

आणि ती पाणी पिईपर्यंत थांबा. मग मला कळवा.